तिसऱ्या मजल्याची पट्टी

हे सारं १९७४ सालचं आहे. हिवाळा तोंडावर आला होता. जे घडलं ते एका शुक्रवारच्या संध्याकाळपासून रविवारच्या दुपारपर्यंत घडलं. मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. माझं बरंचसं आयुष्य चर्चच्या पुढच्या खोलीत गेलं. त्या खोलीत माणसं कोट काढून ठेवतात, टोप्या अडकवतात आणि आत जाण्याआधी एकमेकांना दटावून गप्प करतात. बाकीचं पुष्कळ मी विसरले. ते दोन दिवस मात्र मला तासातासाने आठवतात.

मी जन्माने भिंतीवरची फळी नाही. आधी मी एका बाकाची पाठ होते. दोन पिढ्यांनी मला टेकून उपदेश ऐकले, आणि खरं सांगायचं तर काहींनी मला टेकून डुलक्याही काढल्या. मग एका लग्नाच्या उपासनेत मुलाकडचे सात धष्टपुष्ट पाहुणे एकदम बसले आणि बाकाचे पाय गेले. लोक म्हणाले, सरपणात टाका. सुतारकाकांनी मात्र माझ्यावर बोटांनी टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "हिला काही झालेलं नाही. आजवर लोकांना बसवत होती, आता उठवायच्या कामाला लावू."

त्यांनी मला कापून पावणेसहा फूट लांब आणि दीड फूट रुंद केलं, रंधा मारला, तेल पाजलं आणि दोन ओळींत चोवीस हूक बसवले. प्रत्येक हुकावर एक लाकडी पट्टी टांगली. पट्टीच्या एका बाजूला कामाचं नाव कोरलेलं होतं, दुसरी बाजू निळ्या रंगाने रंगवलेली होती. बाकं पुसणे. फुलं. बालवर्ग. दवाखान्यात भेट. आंधळ्या आजोबांना वाचून दाखवणे. अशी चोवीस कामं.

या कामांना पगार नव्हता. ज्याला वेळ असेल त्याने पट्टी काढून खिशात घालायची, काम करायचं आणि परत येऊन पट्टी निळी बाजू वर करून टांगायची. निळी म्हणजे झालं. रोज सकाळी घंटा देणारे टोलेकाका रोजच्या कामांच्या पट्ट्या पुन्हा उलटवून ठेवायचे, की नवा दिवस सुरू. पाळकसाहेब म्हणायचे, "ज्याने खाली बसून शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या घरात हाताची घडी घालून बसता येत नाही." आणि लोक खरंच बसत नसत. रविवारी उपासना संपली की माझ्यापुढे गर्दी व्हायची. "अगं, फुलं मी घेणार होते!" "मग लवकर यायचं होतंस, ताई!" अशी भांडणं कानाला फार गोड लागत.

एका पट्टीसाठी मात्र कुणी भांडत नसे, म्हणून तिच्या पाळ्या लावून दिल्या होत्या. तिच्यावर कोरलेलं होतं, 'बाई, तिसरा मजला'.

बाई म्हणजे गणिताच्या बाई. चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, गुडघे गेलेले. चर्चमागच्या गल्लीत एका अरुंद इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर त्या राहत. तिथवर नळाचं पाणी चढत नसे. खालचा दुसरा मजला रिकामा होता. रोज कुणीतरी दोन बादल्या पाणी आणि जेवणाचा डबा घेऊन वर जायचं. एवढंच काम, पण बाईंची जीभ फार तिखट. बादली डावीकडे ठेवली तर उजवीकडे का नाही, आणि उजवीकडे ठेवली तर डोकं कुठे आहे! जो जाई तो बोलणी खाऊन येई. पण त्यातही एक गंमत होती. परत आलेला माणूस माझ्यासमोर उभा राहून बोलणी हुबेहूब करून दाखवायचा आणि बाकीचे पोट धरून हसायचे.

आमच्या चिटणीसांना तर बाई लहानपणापासून ओळखत. हे चिटणीस मंडळीचा कारभार बघत. टापटिपीचे, प्रामाणिक, कोटाच्या खिशात कायम पेन्सिल आणि कागदाचे चिटोरे. पण शाळेत असताना बेरजेत हातचा धरायला ते हमखास विसरत, म्हणून बाईंनी त्यांचं नाव 'हातच्या' ठेवलं होतं. पन्नाशी उलटली तरी बाई त्यांना त्याच नावाने हाक मारत. भर मंडळीत.

त्या शनिवारी बिशपसाहेब आमच्या चर्चला भेट द्यायला यायचे होते. अकरा वर्षांनी एवढा मोठा पाहुणा येत होता. आठवडाभर नुसती धांदल. खिडक्या धुतल्या, घंटेला नवा दोर जोडला. शिंपीणताई चार महिने वेदीवरचं लांब कापड भरत होती, पांढऱ्यावर पांढरी द्राक्षाची वेल. तिची अजून एक बाजू बाकी होती.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर चिटणीस माझ्यापुढे येऊन उभे राहिले. मान तिरकी करून बघत राहिले. चोवीस पट्ट्यांतल्या काही निळ्या, काही उघड्या लाकडाच्या. त्यांना ते दात पडलेल्या तोंडासारखं दिसलं असावं. "पाहुण्यांसमोर हे असं?" ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी उघडी दिसणारी एकेक पट्टी उलटवली. चोवीसच्या चोवीस निळ्या. बाईंची तर त्या दिवसाचं पाणी पोचल्यामुळे आधीच निळी होती.

मित्रांनो, ते खोटारडे नव्हते. त्यांनी लगेच खिशातून चिटोरा काढला आणि पेन्सिलीने लिहिलं, 'बेकरीवाल्या काकूंना सांगणे, उद्याची बाईंची पाळी आहेच.' चिटोरा खिशात ठेवला. जाता जाता टोलेकाकांना बजावलं, "रविवार दुपारपर्यंत फळीला हात लावायचा नाही."

"पण साहेब, सकाळी पट्ट्या..."

"कामं कुणाची कोणती ते सगळ्यांना ठाऊक आहे, काका. दोन दिवस जरा शोभा राहू दे."

शनिवारी सकाळी टोलेकाका आले, माझ्याकडे बघून घुटमळले, आणि घंटेकडे गेले.

नऊ वाजता चिटणीस बिशपसाहेबांना आणायला स्टेशनवर गेले. गाडी उशिरा आली. मग नाश्ता, मग सभा. तो चिटोरा खिशातच राहिला.

साडेअकराला बेकरीवाल्या काकू आल्या. हातात गरम डबा, कोपरापर्यंत पीठ. पाळी त्यांचीच होती. त्यांनी पट्टीला हात घातला आणि थांबल्या. निळी. मला ओरडावंसं वाटलं. काकू, हात मागे घेऊ नका! ही कालची निळी आहे! पण लाकडाला आवाज कुठला? काकूंच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग सुटका.

"सुटले बाई!" त्या हसून म्हणाल्या. "कोण ग देवमाणूस आज बोलणी खाऊन आलं?"

आणि तो गरम डबा घेऊन त्या परत गेल्या. डब्याच्या झाकणाचा आवाज रस्त्याच्या वळणापर्यंत मला ऐकू येत होता.

दुपारी शिंपीणताई आली. बाईंचा एक स्वेटर तिने उसवून नीट केला होता, तो काखेत होता. वर जाऊन देऊन यावा असं तिच्या मनात होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, निळी पट्टी पाहिली, घड्याळ पाहिलं. वेदीच्या कापडाची एक बाजू अजून बाकी होती. "कुणीतरी जाऊन आलंय ना," ती पुटपुटली. "उद्या देते." स्वेटर तिने कोटांच्या खुंटीवर अडकवला आणि ती लगबगीने शिवायला गेली.

संध्याकाळी बिशपसाहेबांना सगळं चर्च दाखवलं. ते माझ्यापाशी थांबले. उंच, वाकलेले, मऊ आवाजाचे गृहस्थ. पाळकसाहेबांनी माझी पद्धत त्यांना समजावून सांगितली. बिशपसाहेबांनी चोवीस निळ्या पट्ट्यांवरून नजर फिरवली आणि त्यांचे डोळे भरून आले. "एकही काम बाकी नाही," ते म्हणाले. "उद्याच्या उपदेशात मी या फळीबद्दल बोलणार आहे." चिटणीसांचा चेहरा उजळला. माझी आयुष्यात एवढी स्तुती कधी झाली नव्हती आणि एवढी लाजही मला कधी वाटली नव्हती. चोवीस पट्ट्या चोवीस विटांसारख्या जड झाल्या होत्या.

रविवारी चर्च गच्च भरलं. आतून बिशपसाहेबांचा आवाज येत होता. सेवा म्हणजे काय, आपण एकमेकांचे हातपाय कसे होतो, हे ते सांगत होते. माझं नाव दोनदा आलं. मी भिंतीवर टांगलेली, आणि सगळं ध्यान बाहेरच्या गल्लीकडे. बाईंच्या बादल्या शुक्रवारी दुपारी भरल्या होत्या. दोन बादल्या किती पुरतात?

उपासना संपली. लोक पुढच्या खोलीत आले, कोट घालू लागले. हसणं, हस्तांदोलनं, चहाची गडबड. शिंपीणताईला खुंटीवरचा स्वेटर दिसला. तो हातात घेत तिने सहज मोठ्याने विचारलं, "ए, काल बाईंनी कुणाला झापलं ते सांगितलंच नाही कुणी!"

ती बेकरीवाल्या काकूंकडे वळली.

"अगं, कोण गेलं होतं काल?"

"मी नाही," बेकरीवाल्या काकू म्हणाल्या. "मी डबा घेऊन आले होते, पण पट्टी निळी होती. मला वाटलं तू गेलीस."

"मी? मला वाटलं तुम्ही."

काकूंनी मागे वळून विचारलं, मागच्याने त्याच्या मागच्याला. खोलीतलं हसणं एका टोकाकडून विझत दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. दोन दिवसांत बाईंची बोलणी कुणीच खाल्ली नव्हती. तसं आजवर कधीच झालं नव्हतं.

चिटणीसांचा हात आपोआप खिशात गेला. तो चिटोरा त्यांनी बाहेर काढला, वाचला, आणि ते भिंतीला टेकले. "पट्ट्या मी निळ्या ठेवल्या," ते म्हणाले. "सगळ्या. शोभेसाठी."

शिंपीणताई आधीच पळत सुटली होती. तिच्यामागे टोलेकाका, त्यांच्यामागे चिटणीस, डोक्यावर टोपी नाही, कोटाची एकच बाही घातलेली.

मग सुरू झालं वाट बघणं. मित्रांनो, वाट बघण्यात माझा जन्म गेला, पण तसली वाट मी पुन्हा कधी पाहिली नाही. काकू भिंतीशी बसून पदराने हात पुसत होत्या, पुसलेलेच हात पुन्हा पुसत होत्या. दोघं-तिघं आत गुडघे टेकायला निघाले, तेव्हा बिशपसाहेब म्हणाले, "प्रार्थना चालता चालता करू. आधी वाट मोकळी करा. गाडी बोलवा. पाणी उकळा." आणि त्यांनी स्वतः दाराशी अडलेला बाक ढकलला.

टोलेकाका धापा टाकत परतले. दार फोडताना त्यांचा उजवा खांदा निखळला होता, हात नुसता लोंबत होता.

"आहेत! जिवंत आहेत!"

काकूंनी हंबरडा फोडला.

"पण शुक्रवारी संध्याकाळीच पडल्यात. खुबा मोडलाय. चूल आणि भिंत यांच्यामध्ये आडव्या. पाण्याची बादली दोन हातांवर, पण पोचता येईना. गाडीवाले आलेत, पण त्यांचं स्ट्रेचर जिन्यात वळत नाही. रुंद पडतं. नुसत्या उचलल्या तर किंचाळतात. एखादी फळी हवी, अरुंद आणि भक्कम, लवकर!"

लोक इकडे तिकडे बघू लागले. बाकं लांब, टेबलं रुंद, दारं त्याहून रुंद. सुतारकाकांनी माझ्याकडे पाहिलं.

"पावणेसहा बाय दीड," ते म्हणाले. "मीच कापलीय."

त्यांनी पकड आणि स्क्रू-ड्रायव्हर आणला. माझे स्क्रू करकरले. पट्ट्या फरशीवर पडल्या, निळ्या आणि कोरलेल्या बाजू एकमेकींत मिसळून, आणि कुणी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हूक काढायला वेळ नव्हता. "फळीच्या पाठीवर निजवू त्यांना, हूक खाली राहतील," सुतारकाका म्हणाले. शिंपीणताई तोवर परत आली होती. तिने आत जाऊन वेदीवरचं कापड ओढलं. चार महिन्यांची ती द्राक्षाची वेल तिने दातांनी धरून उभी फाडली, आणि तिचे लांब पट्टे खांद्यावर टाकले.

त्या जिन्याची गोष्ट मी कुणाला नीट सांगू शकत नाही. जिना गोल, अंधारा, एका माणसापुरता. मला उभी, आडवी, तिरपी करत वर नेलं. बाई खाली पडलेल्या होत्या, ओठ तडकलेले, चेहरा राखेसारखा. हातात पळी घट्ट धरलेली. ती जमिनीवर आपटून आपटून त्यांनी खालच्या रिकाम्या मजल्याला दोन दिवस हाका मारल्या होत्या. त्यांना अलगद माझ्यावर सरकवलं, कापडाच्या पट्ट्यांनी बांधलं. त्यांचं वजन एखाद्या लहान मुलीएवढंच भरलं. आजवर माझ्या अंगावर कामांची नावं टांगलेली असायची. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर माणूस होतं.

पुढे चिटणीस, मागे सुतारकाका. चिटणीसांनी मला खालून धरलं तेव्हा एक हूक त्यांच्या तळव्यात शिरला. मला तो शिरताना कळला. त्यांनी हात सोडला नाही. पहिलं वळण. दुसरं. दुसऱ्या वळणावर मी अडकले. वर जाईना, खाली जाईना. बाईंच्या तोंडून असा आवाज निघाला की खाली गल्लीत उभ्या असलेल्या माणसांनी तोंडं फिरवली.

"थांबा," सुतारकाका वरून म्हणाले. "डावीकडे दोन बोटं. कलती करा. आता सावकाश."

मी भिंतीला घासले, सालपट निघालं आणि वळले. चिटणीस रडत होते. "बाई," ते उलटं उतरत म्हणाले, "चूक माझी आहे. मला माफ करा. मी पट्टी..."

बाईंनी डोळे उघडले. दोन दिवसांत त्यांच्या घशात शब्द नव्हता, तो आता खरवडून आला.

"काय रे हातच्या. पुन्हा विसरलास?"

"हो, बाई."

"माफी खाली गेल्यावर माग. आधी पाय बघून ठेव. पुढची पायरी मोडकी आहे."

पायरी खरंच मोडकी होती. त्यांनी पाय बघून ठेवला.

खाली पोचल्यावर काकूंनी ओल्या कापडाने बाईंचे ओठ भिजवले. "गैरहजर," बाई पुटपुटल्या. "सगळे गैरहजर." आणि त्यांनी काकूंचा हात धरला तो गाडीचं दार लागेपर्यंत सोडला नाही.

पुढच्या रविवारी चिटणीस मंडळीसमोर उभे राहिले, हाताला पट्टी बांधलेली. त्यांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं आणि पद सोडलं. कुणी म्हणालं, ती फळीच जाळून टाका, तिच्यामुळेच झालं. तेव्हा शिंपीणताई उठली. "फळीने काय केलं? निळी पाहून परत फिरले ती मी. मला घाई होती." काकू म्हणाल्या, "आणि मला सुटल्यासारखं वाटलं होतं." मग पुष्कळ जण उठले. त्या दिवशी पाळकसाहेबांना उपदेश करावा लागला नाही.

मला पुन्हा भिंतीवर लावलं, पण नियम बदलला. पट्टी परत आणणाऱ्याने आधी टोलेकाकांना सांगायचं की ज्याच्याकडे गेलो होतो तो काय बोलला. मगच पट्टी निळी. न जाता हे सांगता येत नाही.

बाई दोन महिन्यांनी दवाखान्यातून आल्या. चर्चमागची तळमजल्याची खोली त्यांना दिली, नळ दाराशी. त्यानंतर त्या नऊ वर्षं जगल्या आणि नऊ वर्षं सगळ्यांना झापत राहिल्या. त्यांच्या अंत्यविधीला मंडळी रस्त्यापर्यंत उभी होती. चिटणीसांनी पुन्हा कुठलंही पद घेतलं नाही. मरेपर्यंत दर शनिवारी ते कुणा ना कुणाच्या जिन्याने बादल्या चढवत राहिले. तळव्यावरचा वण मुलांनी विचारला की सगळी हकिगत सांगत, स्वतःला वगळत नसत. सुतारकाका पुढच्याच वर्षी गेले. टोलेकाकांचा खांदा कधी नीट बसला नाही. पुढे ते डाव्या हाताने घंटा देत, आणि टोल थोडे अडखळत पडत. बेकरीवाल्या काकू दुकान बंद करून लेकीकडे दुसऱ्या गावी गेल्या. तिथे त्यांनी शेजारच्या एका म्हाताऱ्याला रोज डबा द्यायला सुरुवात केली असं त्यांच्या पत्रात होतं. शिंपीणताईने वेदीचं कापड पुन्हा भरलं नाही. साधं पांढरं शिवलं, तेच बरीच वर्षं होतं. पुढे तिची नजर गेली, आणि 'वाचून दाखवणे' ही पट्टी तिच्यासाठी निघू लागली. पाळकसाहेबांची बदली झाली. बिशपसाहेब निवृत्त झाल्यावर एकदा साध्या कपड्यांत आले, शिंपीणताईला तासभर वाचून दाखवलं, ती काय म्हणाली ते दारात सांगितलं आणि कुणाला नाव न सांगता गेले.

आणि मी? चर्चची नवी इमारत झाली. आता याद्या फोनवर येतात. मला जिन्याखालच्या खोलीत ठेवलंय. अंगावर धूळ आहे, सालपट निघालेल्या जागी कीड लागू पाहते आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू सहसा तुम्हाला विनवतात, आम्हाला पुसा, आम्हाला जपा. मला पॉलिश नको. तुमच्या मंडळीत, तुमच्या गल्लीत एखादं तिरसट माणूस असेल. त्याच्याकडे कुणीतरी जात असेल, असं तुम्हाला वाटत असेल. आज तुम्ही जा. दार वाजवा. बोलणी खाऊन या.